वाऱ्याचे कोडे उलगडणारा प्राध्यापक

विमानाचा शोध कोणी लावला असे विचारले तर शाळकरी मूलही राइट बंधूंचे नाव सांगते. परंतु विमान हवेत कशाच्या आधारावर तरंगते आणि हीच हवा त्याला मागे का ओढते, ह्या प्रश्नांची हिशेबात बसणारी उत्तरे कोणी दिली असे विचारले, तर चांगला सुशिक्षित मनुष्यही विचारात पडतो. ही उत्तरे अर्थातच एकट्या माणसाची नाहीत. तरीही त्यांतील सर्वांत मोठा वाटा लुडविग प्रांटल ह्या जर्मन प्राध्यापकाचा आहे, ह्याविषयी जाणकारांत फारसा मतभेद आढळत नाही. प्रांटल वैमानिक नव्हते आणि विमानांचे कारखानदारही नव्हते. गटिंगेन ह्या लहानशा विद्यापीठनगरीत त्यांनी जवळजवळ अर्धशतक अध्यापन आणि संशोधन केले आणि तेथेच देह ठेवला. २०२५ साली त्यांच्या जन्मास दीडशे वर्षे पूर्ण झाली. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही आणि सामान्य वाचकांपर्यंत त्यांचे नाव पोहोचले नाही. मात्र आज आकाशात जाणाऱ्या विमानांच्या आराखड्यांत त्यांचे गणित कोठे ना कोठे दडलेले असते.

विद्यापीठातील संशोधन समाजाच्या काय उपयोगी पडते, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की तो हमखास पुढे येतो. प्रांटल ह्यांचे चरित्र ह्या प्रश्नाचे एक भक्कम उत्तर देते; आणि ते देत असतानाच त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न आपल्यापुढे ठेवते.

कारखान्यातला प्रश्न

प्रांटल ह्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७५ रोजी म्युनिकजवळील फ्रायझिंग ह्या गावी झाला. वडील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक होते. आई दीर्घकाळ आजारी असल्याने मुलगा बहुतांशी वडिलांच्या सहवासात वाढला. निसर्गात जे दिसते ते नीट पाहावे आणि त्याचे कारण स्वतःच्या बुद्धीने शोधावे, ही सवय त्याला घरीच लागली. पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयात ऑगस्ट फोपल ह्यांच्यासारखे नामांकित गुरू लाभले. १९०० साली मिळालेल्या डॉक्टरेटचा विषय होता, उंच आणि अरुंद तुळई भाराखाली एका बाजूस कशी कलंडते हा. वाऱ्यापाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

तो संबंध जुळला नोकरीमुळे. न्युरेंबर्गच्या एका मोठ्या यंत्रनिर्मिती कारखान्यात प्रांटल अभियंता म्हणून रुजू झाले आणि यंत्रांवर पडणारा लाकडाचा भुसा व छिलके हवेने ओढून नेणारी यंत्रणा सुधारण्याचे काम त्यांच्याकडे आले. नळी हळूहळू रुंद करीत नेली की हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढतो, असे पुस्तके सांगत होती. प्रत्यक्षात तेवढा दाब वाढेना. हवेचा प्रवाह नळीच्या भिंतीला धरून न राहता मध्येच तिला सोडून जात होता. प्रांटल ह्यांनी यंत्रणेची रचना बदलली आणि कारखान्याचे काम भागले. एखाद्याने तेथेच फाईल बंद केली असती. परंतु प्रवाह भिंतीपासून का सुटतो, हा प्रश्न त्यांच्या मनातून जाईना. १९०१ साली वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी हानोवरच्या तंत्रविद्यालयात त्यांना प्राध्यापकपद मिळाले, तेव्हा हा प्रश्नही त्यांच्याबरोबर तेथे गेला.

दीडशे वर्षांचा पेच

ह्या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १७५२ साली दालांबेर ह्या फ्रेंच गणितज्ञाने एक विचित्र निष्कर्ष काढला होता. द्रवाला अंतर्गत घर्षण नाही असे मानले, तर त्यातून एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला कसलाच विरोध होत नाही, असे गणित सांगत होते. नदीत पोहणाऱ्या कोणालाही हे खोटे आहे हे ठाऊक होते. पण हवा आणि पाणी ह्यांचे घर्षण इतके अल्प, की ते हिशेबात घेतले काय आणि न घेतले काय सारखेच, अशी गणितज्ञांची समजूत. घर्षण धरून मांडलेली समीकरणे पुढे तयार झाली. पण ती सोडवणे बहुधा अशक्यप्राय होते. परिणामी एकाच विषयाचे दोन तट पडले. गणितज्ञ सुंदर पण वस्तुस्थितीशी न जुळणारे सिद्धांत मांडीत राहिले, तर कालवे, नळ आणि जहाजे बांधणारे अभियंते अनुभवाच्या कोष्टकांवर काम भागवीत राहिले.

१९०४ सालच्या ऑगस्टमध्ये हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकोणतीस वर्षांच्या प्रांटल ह्यांनी ह्या पेचाची उकल सांगितली. पुढे छापून आलेला हा निबंध जेमतेम आठ पानांचा होता. त्यातील कल्पना अशी : हवेचा किंवा पाण्याचा जो थर वस्तूला अगदी चिकटून असतो, त्याला वस्तूच्या सापेक्ष गतीच नसते. घरातल्या पंख्याची पाती दिवसभर वाऱ्यात गरगरतात, तरी त्यांच्यावर धूळ साचलेली असते, हा आपला नेहमीचा अनुभव. पात्याला भिडलेली हवा पात्याबरोबरच फिरते, म्हणून त्यावरची बारीक धूळ उडून जात नाही. पृष्ठभागापासून थोडे दूर गेले, की प्रवाहाचा पूर्ण वेग भेटतो. शून्यापासून पूर्ण वेगापर्यंतचा हा सारा बदल एका पातळ थरात घडतो. विमानाच्या पंखावर हा थर काही मिलिमीटरांपासून काही सेंटिमीटरांपर्यंत जाडीचा असतो. घर्षणाचा सारा प्रभाव ह्या थरातच केंद्रित झालेला असतो. बाहेरच्या विस्तीर्ण प्रवाहात ते खुशाल सोडून द्यावे. ह्या थरालाच आज सीमास्तर म्हणतात.

ह्या विभागणीमुळे न सुटणारी समीकरणे सोडवता येतील इतकी सोपी झाली आणि कारखान्यातल्या नळीचे कोडेही सुटले. पुढचा दाब वाढत गेला, की घर्षणाने आधीच मंदावलेला सीमास्तर त्या दाबाविरुद्ध पुढे सरकू शकत नाही. तो थांबतो, उलटा वळतो आणि भिंत सोडून भोवऱ्यांच्या रूपाने प्रवाहात शिरतो. दालांबेरच्या गणितात न सापडणारा विरोध प्रामुख्याने येथून येत होता. प्रांटल ह्यांनी हे नुसते समीकरणांनी सांगितले नाही. हाताने चाक फिरवून पाणी खेळवण्याची एक साधी नाली त्यांनी केली होती. पाण्यात चकाकणारे खनिजकण मिसळून त्यांनी प्रवाहाची छायाचित्रे घेतली आणि परिषदेत ती दाखवली.

गटिंगेनची शाळा

परिषदेतल्या बहुतेकांना ह्या आठ पानांचे मोल लगेच कळले नाही. ते कळणाऱ्यांत गटिंगेनचे थोर गणितज्ञ फेलिक्स क्लाइन हे अग्रगण्य होते. अभियांत्रिकी म्हणजे तंत्रविद्यालयांचे काम, विद्यापीठात तिला जागा नाही, असा जर्मन विद्यापीठांत त्या काळी दंडक होता. क्लाइन ह्यांना तो मान्य नव्हता. उद्योगपतींकडून निधी मिळवून त्यांनी विद्यापीठात उपयोजित शास्त्रांच्या संस्था उभारल्या होत्या आणि त्याच वर्षी प्रांटल ह्यांना गटिंगेनला आणले. हानोवरच्या मानाने येथला हुद्दा खालचा होता. तरीही प्रांटल गेले, कारण येथे गणित आणि कार्यशाळा एका छताखाली नांदणार होती.

पुढची चार दशके तशी ती नांदली. १९०८ साली गटिंगेनला पहिले वातविवर, म्हणजे कृत्रिम वाऱ्याचा बोगदा, उभे राहिले. त्याचा छेद दोन मीटर लांब आणि तितकाच रुंद होता. पंख्याने ढकललेली हवा बंद मार्गाने फिरून पुन्हा तेथेच येई. त्यात विमानांच्या आणि हवाई जहाजांच्या प्रतिकृती टांगून त्यांच्यावरील बले मोजली जात. त्याच सुमारास ब्लासियस ह्या शिष्याने सपाट पट्टीवरील सीमास्तराचे गणित पूर्ण केले, तर मायर ह्या दुसऱ्या शिष्याने ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहाचा अभ्यास केला. विमाने त्या वेळी ध्वनीच्या वेगाच्या पासंगालाही पुरत नव्हती. त्या प्रबंधाचा उपयोग काय, असे १९०८ साली विचारले असते तर त्याचे समाधानकारक उत्तर कोणालाही देता आले नसते. पुढे चाळीस वर्षांनी तोच प्रबंध स्वनातीत विमानांच्या अभ्यासकांचा पाया ठरला.

प्रयोग आणि सिद्धांत ह्यांच्या सहवासाचे फळ कसे असते, हे एका प्रसंगावरून दिसते. पॅरिसचा मनोरा उभारणारे गुस्ताव्ह आयफेल उतारवयात वायुगतिशास्त्राकडे वळले होते. गोलाला होणारा हवेचा विरोध त्यांनी मोजला, तो गटिंगेनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. आयफेल ह्यांची हिशेबात चूक झाली असावी, असे गटिंगेनला प्रथम वाटले. पण आयफेल ह्यांनी अधिक वेगाने प्रयोग करून दाखवले, की विशिष्ट वेगानंतर विरोध एकदम घसरतो. तेव्हा प्रांटल ह्यांनी गोलाच्या पुढच्या अंगास तारेचे एक बारीक कडे बसवले. पृष्ठभाग असा खडबडीत केल्यावर विरोध वाढावा अशी सामान्य बुद्धीची अपेक्षा. तो चक्क कमी झाला. तारेमुळे सीमास्तर प्रक्षुब्ध होतो, बाहेरच्या वेगवान हवेत मिसळून नवा जोम घेतो आणि गोलाला अधिक काळ धरून राहतो. त्यामुळे मागचा भोवऱ्यांचा पट्टा अरुंद होतो, हे १९१४ साली त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे दोघांचेही आकडे खरे होते. गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात, ह्याचे कारण हेच. आपल्या क्रिकेटच्या मैदानावर नवा चेंडू शिवणीच्या दिशेने हवेतच वळतो, तेव्हाही शिवण एका बाजूस ह्या कड्याचेच काम करीत असते.

प्रांटल ह्यांचे दुसरे मोठे कार्य पहिल्या महायुद्धाच्या काळात झाले आणि १९१८-१९ साली प्रसिद्ध झाले. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकांना वळसा घालून वर जाऊ पाहते आणि टोकांमागे दोन भोवरे निर्माण करते. ह्या भोवऱ्यांत खर्च होणारी शक्ती ही उडण्याची अटळ किंमत होय. ती किती, हे पंखाच्या आकारावरून आधीच काढण्याची रीत प्रांटल ह्यांनी दिली. पंख लांब आणि अरुंद असेल तर किंमत कमी पडते. ग्लायडर विमानांचे पंख तसे का असतात आणि आजच्या प्रवासी विमानांच्या पंखांची टोके वर वळवलेली का असतात, ह्याचा उलगडा ह्या सिद्धांतात आहे. इंग्लंडमधील लँचेस्टर ह्यांनी हीच कल्पना १९०७ साली स्वतंत्रपणे मांडली होती. परंतु अभियंत्याला वापरता येईल असे गणिती रूप तिला गटिंगेनमध्ये मिळाले. १९२१ साली अमेरिकेच्या सरकारी विमानविद्या समितीने प्रांटल ह्यांच्याकडून ह्या सर्व कार्याचा आढावा लिहवून घेऊन प्रसिद्ध केला. युद्ध संपून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

माणूस म्हणून प्रांटल साधे, संकोची आणि व्यवहारात काहीसे भोळे होते. फोपल ह्यांच्या मुलीला मागणी घालायला ते गेले, तेव्हा दोघी बहिणींपैकी कोणती हे सांगायचेच राहिले, अशी आख्यायिका त्यांचे शिष्य थिओडोर फॉन कार्मान सांगत. विवाह १९०९ साली थोरल्या गर्ट्रूडशी झाला. वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. प्रत्येक विधानाला ते इतक्या मर्यादा घालीत, की व्याख्यान रेंगाळे. तरीही ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट मिळवली. इर्मगार्ड फ्ल्युग्ग-लोट्झ ह्या गणितज्ञ स्त्रीने पंखांच्या गणिताची सुलभ रीत येथेच तयार केली. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतील त्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. हाती आलेला प्रश्न विद्यार्थ्याला देऊन टाकावा आणि श्रेयही त्यालाच घेऊ द्यावे, ही प्रांटल ह्यांची रीत होती.

सत्तेच्या सावलीत

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. काही महिन्यांतच माक्स बॉर्न, रिचर्ड कूरांट, एमी नोएथर ह्यांच्यासारख्यांना गटिंगेनमधून दूर करण्यात आले आणि जगातील एक श्रेष्ठ गणितपीठ पोकळ झाले. प्रांटल ह्यांच्या संस्थेचे मात्र भाग्य उजळले. नव्या राजवटीला विमाने हवी होती. हवाई मंत्रालयाचा पैसा वाहू लागला, मोठी वातविवरे उभी राहिली आणि कर्मचाऱ्यांची संख्या शेकड्यांवर गेली. १९३७ साली प्रयोगकेंद्र वेगळे होऊन त्यांचे सहकारी बेट्झ ह्यांच्याकडे गेले. पुढे युद्धकाळात हवाई संशोधनाच्या सर्वोच्च मंडळाचे प्रमुखपद प्रांटल ह्यांनी स्वीकारले.

ह्या काळातील प्रांटल ह्यांचे वर्तन एका शब्दात सांगता येत नाही. ते नाझी पक्षाचे सभासद नव्हते. वंशाच्या कारणावरून हाकलल्या जात असलेल्या आपल्या एका तरुण सहकाऱ्यासाठी त्यांनी खटपट केली. ती निष्फळ ठरली. हायझेनबर्ग ह्यांच्यावर नाझी भौतिकशास्त्रज्ञांनी गलिच्छ हल्ले चढवले, तेव्हा १९३८ साली त्यांनी थेट हिमलरला पत्र लिहून हायझेनबर्ग ह्यांची बाजू मांडली. तसे करायला धैर्य लागत होते. परंतु त्याच वर्षी आणि त्यानंतर, केंब्रिजचे थोर शास्त्रज्ञ जी. आय. टेलर आणि त्यांची पत्नी ह्यांना पाठवलेल्या पत्रांत त्यांनी हिटलरच्या राजवटीचे समर्थन केले. त्यावरून दोन मित्रांमधला स्नेह तुटला. स्वतःच्या विषयातील अन्याय त्यांना दिसत होता आणि त्याविरुद्ध ते बोलतही होते. विषयाबाहेरचा, त्याहून कितीतरी भयंकर अन्याय त्यांनी पाहिला नाही, किंवा पाहायचे नाकारले.

१९४५ साली कार्मान अमेरिकी हवाई दलाच्या शास्त्रीय पथकाचे प्रमुख म्हणून गटिंगेनला परतले. ज्यू कुळात जन्मलेला हा शिष्य १९३० पासून कॅलिफोर्नियात स्थायिक झाला होता. त्याच दौऱ्यात छळछावणीतील कैद्यांकडून जेथे रॉकेटे बनवून घेतली जात, ते नॉर्डहाउझेनही त्यांनी पाहिले. गुरूंची बुद्धी कार्मान ह्यांनी आयुष्यभर वंदनीय मानली. त्यांच्या राजकीय भोळेपणाची खंत मात्र त्यांनी लपवली नाही. प्रांटल स्वतःला राजकारणाशी संबंध नसलेला माणूस समजत राहिले. अखेरच्या वर्षांत ते हवामानशास्त्राकडे वळले आणि १५ ऑगस्ट १९५३ रोजी निवर्तले.

गटिंगेन ते बंगलोर

ज्या वर्षांत गटिंगेनमध्ये हे सारे घडत होते, त्याच वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यातील हसूरचंपू गावचा एक तरुण तेथे शिकत होता. विष्णू माधव घाटगे हे त्याचे नाव. पुण्यामुंबईत शिक्षण घेऊन तो जर्मनीस गेला आणि १९३६ साली प्रांटल ह्यांच्या हाताखाली डॉक्टरेट घेऊन परतला. १९४० साली वालचंद हिराचंद ह्यांनी बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, आणि १९४२ साली तेथील भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. ह्या विभागाच्या उभारणीत डॉ. घाटगे अग्रभागी होते. कारखान्यात त्यांनी आराखडा केलेले एचटी-२ हे वैमानिकांच्या शिक्षणाचे विमान १९५१ सालच्या ऑगस्टमध्ये उडाले. भारतात आराखडा होऊन भारतातच बांधले गेलेले स्वतंत्र भारताचे हे पहिले विमान. त्याच वर्षी त्याच विज्ञान संस्थेत सतीश धवन रुजू झाले. कार्मान ह्यांनी घडवलेल्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत ते शिकले होते आणि सीमास्तरातील घर्षण प्रत्यक्ष मोजणे हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पुढे भारताच्या अवकाश कार्यक्रमाची धुरा त्यांनी वाहिली, हे सर्वश्रुत आहे. भुशाच्या नळीतून निघालेला प्रश्न असा दोन वाटांनी बंगलोरला पोहोचला.

आपल्या विद्यापीठांना ह्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्याकडे शिकवणारा एकीकडे, प्रयोगशाळा दुसरीकडे आणि कारखाना तिसरीकडे अशी वाटणी झाली आहे. वर्गातला विद्यार्थी समीकरण पाठ करतो, पण नळीतला प्रवाह त्याने पाहिलेला नसतो. गटिंगेनला पाण्याच्या साध्या नालीवर काम सुरू झाले, आणि प्राध्यापकाला एका प्रश्नाशी वर्षानुवर्षे बसू दिले गेले. तात्काळ उपयोग दाखवा असा तगादा तेथे लागला असता, तर ती आठ पाने लिहिली गेली नसती.

परंतु दुसरा प्रश्न उरतोच. संशोधकाने आपल्या विषयापुरते पाहावे आणि त्याचा वापर कोण कशासाठी करतो हे इतरांवर सोपवावे, ही वृत्ती केवळ जर्मन नव्हती आणि केवळ १९३३ सालची नाही. अनुदान देणारा हात कोणाचा आहे, सहकाऱ्याची खुर्ची रिकामी का झाली, हे विचारणे प्रयोगशाळेच्या कामात मोडत नाही, असे आजही पुष्कळ सज्जनांना वाटते. प्रांटल सज्जन होते, बुद्धिमान होते, प्रसंगी धीटही होते. तेवढे असूनही भागले नाही. त्यांचे गणित विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांच्या चरित्राचे हे पानही शिकवले पाहिजे.